मोठ्या भूकंपानंतर जमीन हळूहळू सरकत राहिली, तर पुढचा धोका टळतो का?

तुमचा प्रश्न असा: नेपाळच्या 2015 च्या भूकंपानंतर जमीन बरेच महिने हळू सरकत होती, म्हणजे उरलेला ताण निघून गेला ना? आणि कोयनेचे लहान धक्केही तसाच ताण सोडत असतील, तर निपाणीत घर बांधताना काळजीचं कारण आहे का?

कारण आहे. मी खानापूर भागात घरांची बांधकामं बघतो आणि हा गैरसमज मला फार घातक वाटतो.

भूकंपात फॉल्टचा, म्हणजे जमिनीखाली खडकात असलेल्या भेगेचा, एक भाग काही सेकंदांत झटक्याने सरकतो. त्याच्या आजूबाजूचे काही भाग असे असतात की वेग वाढला की त्यांचं घर्षणही वाढतं. ते एकदम सुटत नाहीत, अंगावर आलेला ताण सावकाश घसरत सोडतात. पहिल्या दिवसांत भराभर, मग मंदावत, कधी कित्येक वर्षं. याला आफ्टरस्लिप म्हणतात. आपल्याला तो जाणवत नाही, जीपीएसवर दिसतो. कॅलिफोर्नियात पार्कफिल्डला 2004 मध्ये 6 रिश्टरच्या भूकंपानंतरचं असं सरकणं मूळ भूकंपापेक्षाही मोठं भरलं.

पण जिथे सरकलं तिथलाच ताण उतरतो. शेजारचा भाग घट्ट अडकलेला असेल तर त्याच्यावर तो उलट वाढतो. नेपाळात नेमकं हेच दिसलं. हळू सरकणं मुख्यतः उत्तरेकडे, खोलवर झालं. दक्षिणेकडचा उथळ भाग जवळजवळ हललाच नाही, आणि तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशातल्या, लोकांचा धोका तिथेच आहे.

कोयनेची गोष्ट वेगळी. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर तिथे आजही धक्के बसतात, पण ते जलाशयाच्या पाण्याशी जोडलेले आहेत. शिवाय हिशेब बघा: 6 रिश्टरच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला 4 रिश्टरचे सुमारे हजार धक्के लागतात. लहान धक्क्यांनी मोठा टळत नाही.

बेळगाव, म्हणजे निपाणीचा जिल्हा, 2002 च्या भूकंप नकाशात झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. किल्लारीत 1993 ला माणसं गेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली, आणि तशा भिंती आपल्याकडे खेडोपाडी आहेत. नवीन घरात प्लिंथला (जोत्यावर) आणि लिंटलला (दारं-खिडक्यांच्या वर) सलग आरसीसी पट्टा घ्या, कॉलमच्या रिंगांचे हूक आत काँक्रीटमध्ये वळवायला सांगा. दगडी भिंत ठेवणार असाल तर दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड घाला. गवंडी कुरकुरला तरी यात सूट देऊ नका.