फक्त फुलबाज्या आणल्या तर दिवाळी सुरक्षित होईल का?

प्रश्न : घर अरुंद गल्लीत, अंगण नाही. मुलं सहा आणि नऊ वर्षांची. बॉम्ब वगळून फक्त फुलबाज्या आणल्या तर चालेल ना?

उत्तर : "नुसत्या फुलबाज्या तर आहेत, काय होतंय?" हे वाक्य मी आमच्या मोठ्या दिरांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. पुढं कट्टा, मागच्या खोलीत कापड विणायचा माग. नरकचतुर्दशीची पहाट होती. अंघोळ करून लेक अनवाणीच बाहेर आली. भावजी पुतण्याला एकेक फुलबाजी पेटवून देत होते आणि विझली की तार कट्ट्याखाली टाकत होते. जळताना फुलबाजी हजार अंशांच्या घरात तापते. विझली की तार काळी दिसते, पण गार झालेली नसते. लेकीचा पाय नेमका तिच्यावर पडला आणि तार तळव्याला चिकटली.

पुढचं आणखी वाईट. जाऊबाईंनी टूथपेस्ट फासली, शेजारच्या काकू शाईची बाटली घेऊन आल्या. दवाखान्यात आधी ती पेस्ट काढावी लागली. पोर भाजल्यापेक्षा त्याला जास्त ओरडली. भाजलं की लगेच साधं गार पाणी ओतत राहायचं, चांगली वीस मिनिटं. बर्फ नको, तूप नको, हळदही नको. आपल्याकडं नळ रोज येत नाही, तेव्हा हंडा आधीच भरून ठेवा.

भावजी अजून म्हणतात, "पोरीनं खाली बघून चालायला नको काय?" सहा वर्षांची पोर दिवाळीच्या पहाटे खाली बघून चालेल होय? तार कुठं टाकायची हे मोठ्या माणसाला कळायला हवं होतं.

तर तुमचं. फुलबाज्या आणा, पण पाण्याची बादली जवळ ठेवा आणि प्रत्येक तार तिच्यातच टाका. पायात चप्पल, अंगात सुती कपडे. एका वेळी एकाच पोराच्या हातात फुलबाजी, आणि शेजारी मोठं माणूस. भुईनळा पेटला नाही तर वाकून बघायचं नाही, थोडं थांबून लांबूनच पाणी ओतायचं. किल्ल्याची माती उरलेली असतेच, तीही दाराशी असू दे. बाण मात्र गल्लीत लावूच नका. आमच्याकडं घरोघरी सूत पडलेलं असतं, एक ठिणगी पुरे. आणि पाडव्याला सजवलेल्या म्हशी गल्लीतून जात असतील तेव्हा काहीच पेटवू नका, बुजलेली म्हैस कुणाचं ऐकत नाही.

हिरवे फटाके घेतले म्हणून निर्धास्त राहू नका, त्यात धूर कमी असतो, चटका तेवढाच. सुप्रीम कोर्टानं 2018 साली दिवाळीला रात्री 8 ते 10 ही वेळ घालून दिली होती. म्हणजे आमची ती पहाट तशीही त्यात बसत नव्हती. हेही भावजींना सांगून झालंय.

एक राहिलं. डोळ्याला किंवा तोंडाला लागलं, तर पाणी ओतून सरळ दवाखाना गाठा, घरी प्रयोग नकोत. डोळा चोळू देऊ नका.

यंदा भावजी निपाणीहून येणार आहेत, फुलबाज्यांचा खोका घेऊन. बादली मी त्यांच्याच पायाशी ठेवणार आहे.