अमेरिकेतल्या मुलांच्या फ्लॅग फुटबॉलचे नियम काय असतात? त्यात धडकाधडकी होते का?

तुमच्या आठ वर्षांच्या मुलाचं नाव तुम्ही नोंदवलंय आणि टीव्हीवरचं अमेरिकन फुटबॉल बघून तुमच्या पोटात गोळा आलाय, असं तुम्ही लिहिलंय. आधी तेवढं मनातून काढून टाका. इथे टॅकल (समोरच्याला धरून खाली पाडणं) नाही, ढकलाढकली नाही, ब्लॉकिंगही (अंगाने वाट अडवणं) नाही. माझी मुलगी डॅलसजवळ तीन सीझन खेळली आणि मी तिच्या कोचला मदत करायचो, त्यावरून सांगतो.

प्रत्येक मुलाच्या कमरेला पट्टा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना कापडी फ्लॅग लटकत असतात. ज्याच्या हातात बॉल आहे त्याचा एक फ्लॅग जरी ओढला, तरी खेळ तिथेच थांबतो. बहुतेक लीगमध्ये पाच विरुद्ध पाच खेळतात. बॉल मिळालेला संघ स्वतःच्या पाच यार्डांच्या रेषेवरून सुरुवात करतो. साधारण चार प्रयत्नांत (काही लीगमध्ये तीन) मैदानाची मधली रेषा ओलांडायची. ती ओलांडली की टचडाऊनसाठी, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात (एन्ड झोनमध्ये) नेण्यासाठी, नवे प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर बॉल समोरच्यांकडे. टचडाऊनचे सहा गुण. त्यानंतर एन्ड झोनपासून पाच यार्डांवरून एक जादा गुण घ्यायचा की आणखी लांबून दोन, हे संघाने ठरवायचं. बॉल हातातून निसटून जमिनीवर पडला की खेळ संपला, त्यामुळे बॉलवर ढीग करून पडणं हा प्रकारच नाही.

क्वार्टरबॅकला, म्हणजे सुरुवातीला बॉल हातात घेऊन चाल रचणाऱ्या खेळाडूला, बॉल घेऊन पुढे पळता येत नाही. त्याने सात सेकंदांत पास द्यायचा किंवा बॉल दुसऱ्याच्या हातात सोपवायचा. त्याचा फ्लॅग ओढायला धावून जाणारा समोरचा खेळाडू, रशर, बॉल ठेवलेल्या रेषेपासून सात यार्ड मागून निघतो, म्हणजे लहान मुलाला विचार करायला वेळ मिळतो. एन्ड झोनच्या आणि मधल्या रेषेच्या अलीकडचे पाच यार्ड ‘नो रन झोन’. तिथे फक्त पास चालतो. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यामुळे अंगाने थोराड मुलाला रेटून आत घुसता येत नाही. शिवाय बॉल मागे देणारा सेंटरसुद्धा पास झेलू शकतो, म्हणून कोणीच नुसतं उभं राहत नाही.

सगळ्यात जास्त रडारड होते ती फ्लॅग गार्डिंगवरून, म्हणजे हाताने स्वतःचा फ्लॅग झाकण्यावरून. पळताना मोकळा हात आपोआप कमरेकडे जातो आणि समोरच्याचा हात झटकतो. माझी मुलगी एकदा जवळजवळ अख्खं मैदान पळून एन्ड झोनमध्ये पोचली. मागे वळून बघते तो रेफरी मैदानाच्या मध्यावर उभा, जिथे तिने डाव्या हाताने फ्लॅग झाकला होता. टचडाऊन गेला, वर काही यार्ड मागे जायचा दंड. ती गाडीत घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतर आम्ही अंगणात रोज सराव केला: बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरायचा आणि वाट बदलायची ती पायांनी. महिन्याभरात सवय गेली. फ्लॅग वाचवायला उडी मारणं किंवा डोकं खाली घालून घुसणं यावरही बहुतेक लीगमध्ये दंड आहे.

तुम्ही विचारलंय, पुढे या खेळाचं काय? तर २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे. आणि तो निर्णय झाला आपल्या मुंबईत, ऑक्टोबर २०२३ च्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात, क्रिकेटच्या बरोबरीने.

माउथगार्ड घ्याच. आणि शॉर्ट्स बिनखिशाच्या घ्या. फ्लॅग ओढताना समोरच्या मुलाची बोटं खिशात अडकून मुरगळतात, म्हणून रेफरी खिसे चालवून घेत नाहीत. पहिल्या मॅचला आमच्याकडे खिशांचीच शॉर्ट होती. दुसऱ्या एका आईने पर्समधून चिकटपट्टी काढून दोन्ही खिसे बंद केले, तेव्हा कुठे मुलगी मैदानात उतरली. शर्ट आत खोचलेला हवा आणि फ्लॅगचा रंग शॉर्टच्या रंगापेक्षा वेगळा दिसायला हवा, हेही शनिवारी सकाळी घरातून निघण्याआधीच बघून घ्या.