मुलाखतीत 'आधीची नोकरी का सोडली?' याला काय उत्तर द्यावं?

तुम्ही लिहिलंय की पगार वेळेवर होत नव्हता म्हणून नोकरी सोडली, पण खरं सांगितलं तर समोरचे आपल्यालाच कटकटी समजतील, म्हणून 'ग्रोथसाठी सोडली' असं म्हणावं का. अजिबात म्हणू नका. ग्रोथ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'मग हातात दुसरी ऑफर नसताना का सोडली?' तिथे भल्याभल्यांची बोबडी वळते.

मी चाकणला एका वेंडर कंपनीत क्वालिटीला होतो. सॅलरी स्लिपवर दर महिन्याला पीएफचे १८०० रुपये कापलेले दिसायचे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पीएफमधून अ‍ॅडव्हान्स काढावा म्हणून उमंग या सरकारी अ‍ॅपवर पीएफचं पासबुक उघडलं, तर दिवाळीनंतर एकही एंट्री नाही. कंपनीचा वाटा नाही आणि माझ्या पगारातून कापलेलाही नाही. अकाउंट्सला विचारलं तर म्हणाले, "कस्टमरकडून पेमेंट अडकलंय, आलं की भरू." अहो, कंपनीचा वाटा थकला हे एक वेळ समजू शकतो. पण माझ्या पगारातून कापलेले पैसे कंपनीचे नव्हतेच! ते पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे असतात. कापून न भरणं हा कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा आहे. आधी दंड संहितेच्या कलम ४०५ मध्ये होता, आता न्याय संहितेच्या ३१६ मध्ये आहे. लाइनवरच्या कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना तर स्वतःचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबरसुद्धा माहीत नव्हता. मी लेखी विचारणा केली, पीएफच्या पोर्टलवर तक्रार टाकली, राजीनामा दिला आणि नोटीस पिरियड पूर्ण करून बाहेर पडलो.

आमचे दाजी पिंपरीला एचआरमध्ये आहेत. त्यांनी बजावलं, "जुन्या कंपनीविरुद्ध एक शब्द काढायचा नाही. हा उद्या आमच्याबद्दलही असंच बोलेल, असं वाटतं समोरच्याला." एचआरचा माणूस सांगतोय म्हटल्यावर घरात सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढची मुलाखत रांजणगावला. प्लांट हेडनी तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "सर, पगारातून पीएफ कापायचे पण भरत नव्हते. लेखी विचारलं, उत्तर आलं नाही, म्हणून सोडली." बस, एवढंच. मालकाच्या नावाने खडे फोडले नाहीत. त्यांनी पुरावा मागितला, तेव्हा मोबाइलवरचं पासबुक आणि त्याच महिन्यांच्या सॅलरी स्लिपा पुढे ठेवल्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एकेका महिन्यावर बोट ठेवत दोन्ही जुळवून पाहिलं आणि लगेच रिजेक्शन, गेज कॅलिब्रेशन, कस्टमर कंप्लेंट यांवर आले. नोकरी मिळाली.

दाजी आजही म्हणतात, तुझं नशीब. नशीब कसलं? जॉइनिंगच्या वेळी यूएएन द्यावाच लागतो, आणि बऱ्याच कंपन्या व्हेरिफिकेशनला पासबुकही मागतात. तिथे मधले महिने कोरे दिसले असते तर ग्रोथची गोष्ट सांगणारा मीच खोटा ठरलो असतो.

तुमचं काम तर सोपं आहे. पगार कुठल्या तारखेला जमा झाला हे बँक स्टेटमेंटवर दिसतंच. दोन वाक्यांत सांगा, मागितलं तर दाखवा आणि कामाच्या विषयावर या. अर्थात, हातात कागद नसेल किंवा साहेबाशी वाजलं म्हणून सोडली असेल, तर हे सगळं लागू नाही. तेव्हा पुढच्या कामाबद्दलच बोलावं. आणि जुन्या कंपनीने पीएफला एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकली नसेल, तर शेवटचं कॉन्ट्रिब्युशन जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला आधारच्या ओटीपीवर टाकता येते. तेवढं मुलाखतीआधी उरकून घ्या.

बाकी, आमचे पैसे ज्याने बुडवले त्याची अब्रू आम्हीच का झाकायची, हे दाजींना मी कितीदा विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही.