रेप्लिका स्पोर्ट्स कारच्या पेट्रोल टाकीचं झाकण लॉक होत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी फायबर बॉडीची गाडी आहे, मागच्या फेंडरवर खटका दाबला की उघडणारं मोठं क्रोमचं झाकण आहे, त्याला किल्ली नाही. गाडी नाशिकला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये असते. रात्री कुणी पेट्रोल काढेल किंवा टाकीत काहीबाही टाकेल, ही धास्ती. तर त्याच झाकणाला लॉक बसवता येईल का?

बसवता येईल, पण बसवू नका. लॉक त्याच्या खाली, टाकीच्या तोंडाला बसवा आणि वरचं झाकण आहे तसं शोभेला राहू द्या. अंबड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, अशा काही गाड्या हाताखालून गेल्यात, त्यावरून सांगतो.

हे खटक्याचं झाकण शर्यतीच्या गाड्यांकडून आलंय. मूळ कोब्रा १९६२ ची. ले मान्ससारख्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत पिटमध्ये माणसाने एका फटक्यात झाकण उघडावं, पेट्रोल भरावं आणि गाडी सोडावी, एवढ्यासाठी ती रचना. गाडी रात्रभर बेवारस उभी राहील हा विचार त्यात कुठेच नाही. त्यात रेप्लिकावर येणारी बरीचशी झाकणं नुसती दिखाऊ असतात. बिजागरी ढिली, खाली पातळ गॅस्केट, बस. अशा झाकणाला भोक पाडून कॅम लॉक (किल्ली फिरवली की आतली पट्टी अडकते ते) टाकलं की क्रोम उडतं, आणि चोराने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर झाकणाबरोबर फायबरचाही तुकडा निघतो. एकाने तर बाहेरून कडी-कोयंडा मारून कुलूप लावलं होतं, गाडी दिसायची रेशनच्या गोदामासारखी.

आता काम कसं करायचं ते. वरचं झाकण उघडून आत बघा. खाली नेकचं (टाकीत पेट्रोल नेणाऱ्या नळीचं) तोंड साधं गोल आहे, आटे आहेत, की दोन खाचा आणि आतून उतरती कड आहे? खाचांचं असेल तर काम सोपं. किल्लीची बरीच झाकणं त्याच पद्धतीची असतात, स्पेअरच्या दुकानात मिळून जातात. जाताना व्हर्नियरने आतला व्यास मोजून न्या, आणि खाचेपासून कडेपर्यंतची खोलीही. व्यास जुळतो पण खोली जुळत नाही, मग झाकण बसल्यासारखं वाटतं आणि वळणावर गळतं. तोंड साधं असेल तर अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या टर्नरकडून अ‍ॅल्युमिनियमची रिंग करून घ्या. त्याला नुसतं ‘झाकण बसेल असं कर’ म्हणू नका, विकत घेतलेलं झाकणच नमुना म्हणून हातात द्या.

वरच्या झाकणाखाली जागा किती आहे, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी लॉकचं झाकण बसवा, त्यावर कणकेचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि बाहेरचं झाकण पूर्ण दाबून बंद करा. उघडल्यावर गोळा जिथे सगळ्यात पातळ झालाय ती जाडी मोजा. चार-पाच मिलीमीटर तरी उरले पाहिजेत. कमी असेल तर रिंग खाली घ्यावी लागेल, झाकण घासून बारीक करायच्या फंदात पडू नका.

वरच्या झाकणाची फ्लँज (बॉडीवर टेकणारी कड) बहुतेक वेळा बाहेरून दिसणाऱ्या स्क्रूंनी धरलेली असते. ते स्क्रू काढले की अख्खं झाकण हातात येतं, आणि क्रोमचं झाकण पेट्रोलपेक्षा महाग पडतं. तिथे एलन किंवा मधे पिन असलेले टॉर्क्स स्क्रू टाका. फायबरच्या आतल्या बाजूला सुटे वायसर नकोत, अ‍ॅल्युमिनियमची पूर्ण रिंग आणि नायलॉक नट घ्या. सुट्या वायसरवर ताण एका जागी येतो आणि जेलकोटला (फायबरवरच्या चकचकीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. त्या पॉलिशने जात नाहीत.

आता ज्यात लोक फसतात ते. मूळ ढिल्या झाकणातून टाकीला हवा मिळत होती. तुम्ही घट्ट झाकण लावलं की ती वाट बंद. पेट्रोल खर्च होतं तशी टाकीत पोकळी तयार होते, पंपाला ओढ लागते, आणि गाडी थोडा वेळ मस्त चालून मग गचके देत बंद पडते. झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि मग गाडी लगेच सुरू झाली, तर कार्ब्युरेटर खोलत बसू नका, दुखणं हेच. त्यामुळे एक तर व्हेंटवालं (हवेसाठी बारीक भोक असलेलं) झाकण घ्या, नाहीतर (मला हेच पटतं) टाकीच्या डोक्यावरून वेगळी बारीक नळी काढा, ती झाकणाच्या उंचीपर्यंत वर नेऊन मग खाली चासीच्या बाहेर सोडा. तिच्यात रोलओव्हर व्हॉल्व्ह हवाच. गाडी उलटली तर तो नळी बंद करतो. व्हेंटवाल्या झाकणाचा त्रास कसारा घाटात कळतो. झाकण उजवीकडे असेल तर डाव्या वळणावर सगळं पेट्रोल उजवीकडे धावतं आणि व्हेंटमधून फेंडरवर ओघळ येतो.

तोंडापर्यंत भरायची सवय असेल तर तीही सोडा. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल गार असतं. अंशामागे ते साधारण ०.१ टक्का फुगतं, म्हणजे ५० लिटरच्या टाकीत २० अंशांचा फरक पडला की जवळजवळ लिटरभर जास्त होतं. एप्रिल-मेच्या उन्हात हा फरक सहज पडतो.

अर्थिंग तर विसरूच नका. लोखंडी बॉडीत नेक आपोआप चासीला जोडलेला असतो. फायबरमध्ये तो वर फायबरला आणि खाली रबरी होसला, म्हणजे अधांतरी. भरताना साठलेल्या स्थिर विजेला जायला वाट नाही. नेकपासून चासीपर्यंत लग लावलेली वायर टाका, चासीवरचा रंग खरवडून घट्ट करा आणि मल्टीमीटरने तपासा. होस पेट्रोलसाठीचाच घ्या, पाण्याचा किंवा रेडिएटरचा नाही. आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर आणि कॉर्क फुगतं, तेव्हा झाकणाची ओ-रिंग व्हायटॉनची (पेट्रोल सोसणाऱ्या रबराची) बघा.

वरच्या झाकणाखाली जी बशी असते तिला पाणी जायला नळी आहे का तेही पाहा. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात ती बशी भरते, आणि लॉकचं झाकण उघडलं की पाणी सरळ टाकीत. नळी असेल तर तारेने साफ करा, नसेल तर नवी बसवून घ्या.

ड्रिलिंग करणार असाल तर आधी बॅटरीची तार काढा, टाकी शक्यतो खाली उतरवून गाडीपासून लांब ठेवा, होसचं तोंड बंद करा. पेट्रोल काढून टाकलेली टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते आणि ती हवेपेक्षा जड असल्याने खालीच साचून राहते. ‘जरा एक टाका मारू’ म्हणून तिच्यावर वेल्डिंग करणारे भेटतील, त्यांना गाडीला हात लावू देऊ नका.

नेकचा आतला व्यास आणि खाचा दिसतील असा फोटो टाका, म्हणजे कुठलं झाकण बसेल ते सांगतो.