पावसाळ्यात माळशेजला येताना

अरे, माळशेज घाटात फोटो काढायला लेन्स कोणती घेऊ विचारतोस, ते नंतर, आधी गाडीतल्या एसीचं बघ. ठाण्याहून कल्याण-मुरबाडमार्गे सगळे गारेगार बसून येतात. घाटात कॅमेरा काढला की थंड काचेवर दमट हवेचं पाणी जमतं, पुसलं तरी पुन्हा धुरकट. म्हणून घाटाआधीचं टोकावडे गाव आलं की एसी बंद, काचा खाली. कॅमेरा बॅगेतच राहू दे, हळूहळू बाहेरच्या हवेला सरावतो.

ट्रायपॉड आणच. धबधब्याला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, एफ/११ (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक), शटर पाव ते अर्धा सेकंद उघडं. धार मऊ येते, तरी तिचा पोत उरतो. काही जण दहा-दहा सेकंद लावून पाण्याचा कापूस करतात, मला नाही आवडत. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चकाकी कापणारा फिल्टर, फिरवून ओल्या कातळाची चकाकी घालव, हिरवा खुलतो. धुक्यात ऑटोफोकस चाचपडतो, मॅन्युअलवर जा, फोकस हाताने कर. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं वाढव, नाहीतर पांढरं धुकं करडं येतं.

छत्री नको, घाटातल्या वाऱ्यात उलटी होते. कॅमेऱ्याला शॉवर कॅप पुरते. आणि फ्रेम कितीही भारी असो, वळणावर रस्त्यात ट्रायपॉड लावायचा नाही, कड्याखाली रेंगाळायचं नाही. तिथे दरडी येतात.