एका गोळीत खलास, तर मजा कसली?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: जुन्या व्हिडिओ गेमच्या एका संग्रहात ग्रेडियस आणि आर-टाइप हे यान उडवत गोळ्या झाडायचे खेळ मिळाले, हौसेने सुरू केले आणि वैतागून बंद केले. एक गोळी लागली की यान खलास, कमावलेली शस्त्रं गेली, वर मागे नेऊन ठेवतात. लोकांना इतकी वर्षं यात काय दिसतं, आणि रिवाइंड (खेळ काही सेकंद मागे नेण्याची सोय) वापरून पुढे गेलं तर चालेल का?

वैताग रास्त आहे. हे खेळ नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठी बनले. एकच माणूस तासभर अडून बसला तर मालकाचा धंदा कसा व्हायचा? १९८६ साली ग्रेडियस घरच्या यंत्रावर आला, तेव्हा त्यावर काम करणाऱ्या काझुहिसा हाशिमोतो यांना चाचणीसाठीसुद्धा तो शेवटपर्यंत खेळता येईना. म्हणून सगळी शस्त्रं एकदम देणारी बटणांची एक जुळणी त्यांनी आत घातली. ग्रेडियस बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या नावाने कोनामी कोड म्हणून गाजला तो हाच. करणाऱ्याची ही गत, तर तुमची-आमची काय कथा!

पण तुमच्या वर्णनावरून वाटतं की तुम्ही हे नेमबाजीचे खेळ समजून खेळताय. गोळीबार तर चालूच ठेवायचा असतो. खरं कसब जागा ओळखण्यात आहे.

खालून वर सरकणाऱ्या शूटरमध्ये, म्हणजे गोळ्या झाडायच्या खेळात, जमीन बहुतेकदा नुसतं चित्र असते, यान तिच्यावरून उडत जातं. ग्रेडियससारख्या आडव्या सरकणाऱ्या शूटरमध्ये खाली जमीन, वर छत, आणि दोन्हींवर आपटून मरता येतं. कोनामीचाच १९८१ चा स्क्रॅम्बल बघा. त्यात इंधन सारखं घटत असतं आणि जमिनीवरच्या टाक्या उडवल्या की भरतं. वरच्या वर सुरक्षित उडत राहायची सोयच नाही. टाकीसाठी खाली उतरावं लागतं, आणि रॉकेटंही खालूनच सुटतात. त्याच वर्षी गाजत असलेल्या डिफेंडर या खेळामध्ये डावी-उजवीकडे हवं तसं फिरता यायचं. स्क्रॅम्बलने ती मुभा काढून घेतली. स्क्रीन थांबत नाही, मागे जाता येत नाही. वाटतो हा तोटा, पण अमुक क्षणी तुमच्यासमोर काय असेल हे त्यामुळे बनवणाऱ्याला नेमकं ठरवता येतं. आणि त्याने ठरवलेलं तुम्हाला शिकताही येतं.

ग्रेडियस (१९८५) मध्ये यावर आणखी एक डोकेफोड चढवली. शत्रूकडून मिळालेली कॅप्सूल लगेच काही देत नाही, खालच्या पट्टीवरची खूण फक्त एक घर पुढे सरकवते. पहिलं घर वेगाचं, मग क्षेपणास्त्र, डबल, लेझर, ऑप्शन, शेवटी ढाल. हवं ते घर आलं की बटण दाबायचं, खूण पुन्हा सुरुवातीला. आता पहिल्या कॅप्सूलला वेग घ्यायचा की ऑप्शनसाठी साठवायचं? वेग नसेल तर अरुंद जागेत यान वळत नाही, जास्त झाला तर भिंतीवर आदळतं. हे सगळं गोळ्या चुकवता चुकवता ठरवायचं. ऑप्शन म्हणजे यानामागून येणारे चमकते गोळे. तेही गोळ्या झाडतात, पण यान ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने येतात आणि यान थांबलं की थांबतात. म्हणून जाणकार मुद्दाम यान खाली-वर नेतो, ऑप्शन उभ्या रांगेत आले की गप्प थांबतो, आणि अर्धी स्क्रीन त्याच्या माऱ्यात येते. हे पहिल्यांदा जमलं की कळतं, लोक का अडकले.

तरी मेल्यावर सगळंच काढून घेणं हा मला दोषच वाटतो. सगळी शस्त्रं असताना जो टप्पा सोपा, तोच रिकाम्या हाताने जवळजवळ अशक्य होतो. कोनामीच्याच सॅलमँडर या खेळाने (१९८६) मेल्या जागीच पुढे खेळू दिलं, ते शहाणपणाचं होतं.

आर-टाइप (१९८७) वेगळ्या जातीचा. त्यातला फोर्स नावाचा गोळा कशानेच फुटत नाही. तो यानाच्या पुढे जोडा, मागे जोडा, नाहीतर सुटा पाठवून द्या. समोरच्या गोळ्या तोच अडवतो, म्हणजे शस्त्रही तोच आणि ढालही तोच. बटण दाबून धरलं की मोठा मारा साठत जातो, पण तेवढा वेळ साधा गोळीबार बंद. त्यामुळे ‘आता फोर्स कुठे हवा?’ हा प्रश्न दर काही सेकंदांनी पडतो, आणि त्याचं उत्तर पुढचा शत्रू दिसायच्या आत द्यावं लागतं. तिसरा टप्पा म्हणजे अख्खी एक महाकाय युद्धनौकाच आहे. तिच्याभोवती फिरत तिच्या तोफा एकेक करून उडवायच्या. तिथे बोटांच्या चपळाईवर निभत नाही, कुठे उभं राहायचं ते आधी माहीत लागतं.

आता रिवाइंड. मेल्यावर दोन सेकंद मागे जाऊन पुढे सरकू नका; त्याने टप्पा पार होतो पण हाताला काही लागत नाही, कारण चूक बहुधा वीस सेकंद आधीच, चुकीच्या जागी उभं राहिल्यामुळे झालेली असते. त्यापेक्षा टप्प्याच्या सुरुवातीला सेव्ह करा आणि तोच टप्पा परत परत खेळा. सरावासाठी सेव्ह वापरण्यात कमीपणा काही नाही, कोणी काही म्हणो.

सुरुवात मात्र या दोघांपासून नको. सेगाच्या मेगाड्राइव्ह या घरच्या यंत्रावरचा थंडर फोर्स ३ (१९९०) घ्या. त्यात पहिला ग्रह तुम्ही निवडता, यानाचा वेग बटणाने कमी-जास्त करता येतो, आणि मेल्यावर हातातलं शस्त्र जातं, बाकीची राहतात. तो जमला की आर-टाइप. ग्रेडियस ३ ला इतक्यात हात लावू नका. लावायचाच असेल तर सुपर निंटेंडोवरचा लावा: गर्दी झाली की ते यंत्र दमून खेळ संथ करतं, आणि गोळ्या चुकवायला आयता वेळ मिळतो.