नानांवर लिहिताना

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेटांवरच्या लेखाचा मसुदा वाचला. पहिल्याच पानावर ‘दानशूर’ चारदा आलंय. चारही खोड. देणग्या देणारे शेठ तेव्हाच्या मुंबईत बरेच होते. शिक्षणमंडळात बसून लेखी टिपण देणारे आणि अध्यक्षाशी वाद घालणारे मोजके. लेख तिकडे वळव.

आधी संस्थांची नावं नीट लाव, गोंधळ तिथेच होतो. १८२२ची हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी, तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. मग १८४०मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन, म्हणजे वर म्हटलेलं शिक्षणमंडळ, आलं. त्यात अध्यक्षाखेरीज सहा सभासद: तीन सरकारनियुक्त, तीन सोसायटीने निवडलेले एतद्देशीय. नाना या तिघांतले.

लेखाचा गाभा १८४७चा भाषावाद, म्हणजे शिक्षण कोणत्या भाषेतून द्यायचं हा बोर्डातला वाद. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरींचा कल इंग्रजीकडे. नानांचं म्हणणं, विद्या सर्वसामान्यांपर्यंत पोचायची तर ती त्यांच्याच भाषेतून पोचेल. फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्व्हिस हे तिघे नानांच्या बाजूचे. हिंदू, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती, मत एक! हे एका ओळीत उरकू नकोस. मात्र नानांना इंग्रजीचा शत्रूही करू नकोस, गिरगावात त्यांनी इंग्रजी शाळाही काढली होती आणि संस्कृत पाठशाळाही.

मुलींच्या शाळेबद्दल ‘पहिली’ हा शब्द काढ. अमेरिकन मिशनची मुंबईतली शाळा १८२४ची, फुल्यांची पुण्यातली १८४८ची. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने १८४९मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा नानांनी पैसा दिला आणि आपल्या गिरगावातल्या वाड्यात जागाही. स्वजनांतून विरोध होत असताना मुली आपल्याच आवारात येऊ देणं, याची किंमत रुपयांत निघत नाही. दोन परिच्छेद इथे खर्च कर.

शोधताना एक अडचण येईल. इंग्रजी कागदपत्रांत ‘शंकरशेट’ सहसा सापडत नाही. स्पेलिंग ‘जुगन्नाथ सुंकरसेट’ असं वाचलं जाईल असं असतं, आणि त्यातही ‘न’ कधी एक, कधी दोन. सगळी रूपं वहीत लिहून घे आणि एकेक टाकून बघ. ‘मुरकुटे’ या त्यांच्या मूळ आडनावाने शोधत बसलास तर दिवस वाया जाईल. बोर्डाचे वार्षिक अहवाल आधी चाळ, चरित्रं नंतर.

रेल्वेचा परिच्छेद छान जमलाय, पण या लेखात नको.

तुझा,
काका